विद्यापीठाने मानव्यविद्यांसाठी वर्षातून एक दिवस दारे उघडावीत का?

इंद्रायणी (धागाकर्ती)

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रासारख्या संस्था सामान्य लोकांना आत बोलावतात. शाळकरी मुले आईवडिलांचा हात धरून रांगेत उभी असतात आणि एरवी शोधनिबंध लिहिणारे शास्त्रज्ञ त्या दिवशी सहावीतल्या मुलाच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतात. आयुकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पुणे विद्यापीठाच्या त्याच आवारात, मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, संस्कृत आणि ललित कला केंद्र असे विभाग आहेत. त्या इमारतींत नेमके काय चालते, हे त्यांच्यावरून रोज बसने जाणाऱ्या पुणेकरालाही सांगता येणार नाही.

शिकागो विद्यापीठात ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी कला आणि मानव्यविद्यांचा सार्वजनिक दिवस भरतो. साहित्य, संगीत, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, कलेतिहास या विषयांचे प्राध्यापक त्या दिवशी कोणाही नागरिकापुढे आपले काम मांडतात. प्रवेश विनामूल्य असतो, फक्त आधी नाव नोंदवावे लागते. मी महाविद्यालयात अनेक वर्षे इतिहास शिकवला आणि असा दिवस आपल्याकडेही हवा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे तो भरला तर लोक येतील का, तो कोणत्या स्वरूपात असावा आणि कोणत्या चुका टाळाव्यात, यावर येथील सदस्यांचे अनुभव वाचायला आवडतील. शिकागोच्या कार्यक्रमाला प्रत्यक्ष गेलेले कोणी येथे असतील तर त्यांनी अवश्य लिहावे.

शिकागोकर

इंद्रायणीताई, मी शिकागोच्या उपनगरात राहतो आणि या दिवसाला आवर्जून जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक खुलासा. ‘शिकागो ह्युमॅनिटीज फेस्टिव्हल’ हा १९९० पासून भरणारा महोत्सव वेगळा आहे. त्यात नामवंत लेखक आणि विचारवंत येतात आणि बऱ्याच कार्यक्रमांना तिकीट असते. आपण म्हणता तो विद्यापीठाचा स्वतःचा दिवस आहे आणि तेथे बोलणारे बहुतेक जण त्याच विद्यापीठात शिकवणारे असतात.

दिवसाची रचना साधी असते. एक मुख्य व्याख्यान असते आणि उरलेल्या वेळेत एकाच वेळी वेगवेगळ्या वर्गांत अनेक सत्रे चालतात. एका खोलीत शेक्सपिअर, दुसरीत जॅझ, तिसरीत एखाद्या मृत भाषेचे व्याकरण, असे असल्यामुळे कोठे जावे हे ठरवतानाच जीव मेटाकुटीला येतो. प्रत्येक सत्र साधारण तासाभराचे असते. काही सत्रे म्हणजे व्याख्यान नसून फेरफटका असतो. विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलच्या मनोऱ्यात ७२ घंटांचे एक अजस्र वाद्य आहे. २७१ पायऱ्या चढून वर गेले की वादक मुठींनी लाकडी दांडे दाबून ते वाजवताना दिसतो. माझी आई वयाच्या पासष्टीत तेवढ्या पायऱ्या चढली आणि वर पोचल्यावर तिने त्या वादकाला पहिला प्रश्न विचारला तो सुरांच्या जुळणीचा. एवढी मोठी घंटा एकदा ओतली की तिचा सूर बदलता येत नाही का, असे तिने विचारले होते. घंटेच्या आतून धातू तासून सूर मिळवतात, हे त्याने तिला इतक्या आनंदाने समजावले, की आम्हाला उतरायला उशीर झाला.

मला सर्वांत आवडलेले सत्र मात्र अगदी लहान होते. प्राध्यापिकेने प्रत्येकाच्या हातात एका कवितेची प्रत ठेवली आणि तासभर आम्ही सर्वांनी मिळून ती एक कविता वाचली. स्वल्पविराम तेथे का आहे, ही ओळ आधी न येता नंतर का आली, असे प्रश्न ती विचारत होती. निवृत्त टपाल कर्मचारी आणि अकरावीतली मुलगी यांची मते एकमेकांविरुद्ध होती आणि बाईंनी दोघांनाही कवितेतच पुरावा शोधायला लावला. साहित्याच्या अभ्यासात ‘आपापले मत’ याच्या पलीकडे काही शिस्त असते, हे मला त्या तासात दिसले.

व्यासपीठ

धागाकर्तीच्या हेतूबद्दल आदर आहे, परंतु मूळ मांडणीशी मी सहमत नाही. लोकांपुढे विद्या नेण्यासाठी आपल्याला शिकागोचे उदाहरण कशाला हवे? न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा शिकागो विद्यापीठ जन्मालाही आले नव्हते. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीचे, शिक्षण मंडळ पहिल्या कुलगुरूंच्या नावाची, म्हणजे डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांतून चालवते. मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या व्याख्यानमालेचे काम पाहतो. थंडीत उघड्या मैदानावर, सतरंजीवर बसून लोक दीड-दोन तास ऐकतात. वर्गणी काढतो, वक्त्याच्या राहण्याची सोय कोणाच्या तरी घरी करतो आणि माला चालू ठेवतो.

एका दिवसाचा उत्सव झाला की त्याचे फलक लागतात, छायाचित्रे निघतात, अहवालात एक पान वाढते आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. त्यापेक्षा आहे त्या व्याख्यानमालांना विद्यापीठाने चांगले अभ्यासक पाठवावेत. लोकांनी विद्यापीठात येण्यापेक्षा विद्यापीठाने लोकांकडे जावे, हे अधिक योग्य नाही का?

इंद्रायणी

व्यासपीठ, आपल्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो. विद्यापीठाने बाहेर जाण्याची कल्पना शिकागोलाही परकी नाही. विल्यम रेनी हार्पर या त्यांच्या पहिल्या अध्यक्षांनी १८९२ साली विद्यापीठ उघडले तेच बहिःशाल व्याख्यानांसह. म्हणजे दोन्ही वाटा एकाच विचारातून निघाल्या आहेत आणि मी एक बंद करून दुसरी उघडा, असे म्हणत नाही.

पण व्याख्यानमालेत श्रोत्यापर्यंत निष्कर्ष पोचतात. वक्ता पूर्ण तयारीनिशी येतो, ओघवते बोलतो, टाळ्या घेतो आणि निघून जातो. तो त्या निष्कर्षापर्यंत कसा पोचला, कोणते कागद त्याने पाहिले, कोठे अडला, कोणत्या दोन साधनांत विसंगती आढळली आणि त्याने कोणावर विश्वास ठेवला, हे श्रोत्याला दिसत नाही. इतिहासाच्या बाबतीत याचे परिणाम आपण रोज भोगतो. जो अधिक आवेशाने बोलतो तो खरा, असे लोकांना वाटू लागते, कारण पुरावा तपासण्याची रीत त्यांना कोणी दाखवलेलीच नसते. खुल्या दिवशी ती दाखवता येईल, म्हणून माझा आग्रह आहे.

खोडदकर

मी नारायणगावचा. आमच्या खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. २८ फेब्रुवारीला तेथे जत्रेसारखी गर्दी होते. लांबलांबच्या शाळांच्या गाड्या येतात आणि मुले स्वतः केलेले प्रयोग मांडतात. मी सातवीत असताना आमच्या शाळेने केलेला प्रयोग तेथे ठेवला होता. एका शास्त्रज्ञाने माझ्यासमोर उकिडवे बसून तो पाहिला आणि त्यातली एक वायर दुसरीकडे का लावली नाही, असे विचारले. माझे उत्तर त्याने पूर्ण ऐकून घेतले. पुढे मी शेतीच करतो आहे, पण तो माणूस ज्या पद्धतीने ऐकत होता ते मी विसरलेलो नाही.

व्यासपीठ यांचे म्हणणे मला पटते, पण सतरंजीवर बसलेल्या श्रोत्याला वक्त्याच्या इतक्या जवळ जाता येत नाही. खुल्या दिवसाचा खरा फायदा तो आहे.

अभियंता_नागपूर

विज्ञानाच्या खुल्या दिवशी दाखवायला यंत्रे असतात. अँटेना फिरते, द्रव नायट्रोजन उकळतो, दुर्बिणीतून चंद्र दिसतो. मराठीच्या किंवा इतिहासाच्या विभागात दाखवण्यासारखे काय आहे? टेबल, खुर्ची, पुस्तकांचे कपाट आणि बोलणारा माणूस. बोलणे तर आपल्याकडे उदंड आहे. प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो आहे.

मोडीवाचक

अभियंता, आपल्या प्रश्नाचे उत्तर मी रोज हाताळतो, म्हणून सांगतो.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळात, जे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली उभे राहिले, असेच संग्रह आहेत. मोडीचे वर्ग घेताना मी पहिल्या दिवशी लिपी शिकवत नाही. एका पत्राची मोठी छायाप्रत टेबलावर पसरतो. आधी आडवी रेघ ओढून, तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहिलेला मजकूर, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. समोरच्या माणसाला ते अशक्य वाटते. मग मी फक्त कालगणनेवर बोट ठेवतो. समजा तेथे ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे लिहिले आहे. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज झाली ११७२. हे सुहूर सन आहे, सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते बदलते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ येते आणि कागद जानेवारीतला किंवा त्यानंतरचा, पण मृगाच्या आधीचा असेल तर ६०० मिळवून १७७२.

आता पुढची पायरी. त्याच पत्रात माधवराव पेशवे हयात असल्याचा उल्लेख असेल तर तो या सालाशी जुळतो, कारण ते १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. उल्लेख जुळत नसेल तर कागद नंतरची नक्कल आहे का, की वाचनात चूक झाली, हे शोधावे लागते. अर्ध्या तासात एखादा बँक कर्मचारी किंवा बारावीचा विद्यार्थी स्वतः तारीख काढतो. आपल्या हाताने तारीख काढलेला माणूस पुढे फिरत आलेल्या ‘ऐतिहासिक’ संदेशाकडे पूर्वीसारखा पाहत नाही. द्रव नायट्रोजनाइतकेच हे दाखवण्यासारखे आहे.

शिकागोकर

मोडीवाचक यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. शिकागोत याच स्वरूपाची गोष्ट म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेचा अ‍ॅसिरियन कोश. काम १९२१ मध्ये सुरू झाले आणि शेवटचा खंड २०११ मध्ये आला. एका कोशासाठी नव्वद वर्षे! तेथील संग्रहालयात मातीच्या पाट्यांवरची कीलाकार अक्षरे जवळून पाहता येतात आणि नव्वद वर्षांचे काम म्हणजे काय, याची कल्पना येते.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. आपण घरबसल्या मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश संगणकावर विनामूल्य शोधतो, ते याच विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालय प्रकल्पामुळे. शनिवारी दारे उघडणे आणि कोश सर्वांसाठी खुले करणे यांमागची वृत्ती एकच आहे, असे मला वाटते.

संशोधिका

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. कोशाचा विषय निघाला म्हणून सांगते, नव्वद वर्षांचे आश्चर्य वाटत असेल तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये जाऊन यावे. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे काम तेथे १९४८ मध्ये सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातला नेमका संदर्भ असतो. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्यानंतर अनेक खंड आले आणि काम अजून ‘अ’ याच अक्षरात आहे. चिठ्ठ्यांच्या खणांच्या त्या रांगा पाहिल्या तेव्हा मी काही वेळ बोलू शकले नाही.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्तीही अशीच दाखवता येईल. १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखिते अभ्यासून ती सिद्ध झाली. तिचे एक पान उघडले तर वरच्या बाजूला स्वीकारलेली संहिता असते आणि खाली, बारीक अक्षरात, काश्मीरच्या पोथीत काय आहे, मल्याळी पोथीत काय आहे, याची नोंद. कित्येक पानांवर वर चार श्लोक आणि खाली अर्धे पान पाठभेद. ‘महाभारतात असे लिहिले आहे’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ते एक पान मोठे करून भिंतीवर लावले तरी पुरे.

एक अडचण मात्र मोकळेपणाने मांडते. हे सर्व करणार कोण? अध्यापकांच्या पदोन्नतीत शोधनिबंधाला जे वजन आहे, ते लोकांपुढे केलेल्या मांडणीला नाही. रिकाम्या जागांमुळे आहेत त्यांच्यावर तासांचा भार आहे. अशा वेळी आणखी एक दिवस लादला, तर तो नाइलाजाने पार पाडला जाईल. माझी सूचना अशी, की प्राध्यापकांबरोबर संशोधक विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा मिनिटे द्यावीत. आम्ही पाच-पाच वर्षे एकाच विषयात बुडालेलो असतो आणि ते ऐकायला मार्गदर्शकांखेरीज कोणी नसते. लोकांपुढे मराठीत दहा मिनिटे बोलायचे म्हटले, तर आमच्या विषयातले कोठले आम्हालाच नीट समजलेले नाही, ते कळेल.

नीलांबरी

संशोधिका, तुमचा विषय कोणता आहे? येथेच दहा मिनिटांत सांगा, आम्ही ऐकतो.

संशोधिका

नीलांबरीताई, आभार. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेर आणि सासर यांच्या वाटेचे वर्णन कसे येते, हा माझा विषय आहे. बाई ज्या रस्त्याने जाते त्यातला ओढा, चढ, झाड आणि देऊळ यांची नावे ओव्यांत येतात. गावातील वयस्क स्त्रियांना बरोबर घेऊन मी ती ठिकाणे प्रत्यक्ष शोधते. काही ओढे आता बुजले आहेत, पण ओवीत ते आहेत. ज्या आजींकडून मी ओव्या उतरवून घेतल्या, त्यांनाच विद्यापीठात बोलावून त्यांच्यासमोर हे मांडावे, अशी माझी फार इच्छा आहे. त्यांच्या शब्दांचे आम्ही काय केले, हे पाहण्याचा हक्क त्यांचा सर्वांत आधी आहे.

व्यासपीठ

संशोधिका यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. लोकांकडून घेतलेले ज्ञान लोकांसमोर परत मांडणे, हे आमच्या व्याख्यानमालेत होत नाही. तरीही माझी शंका कायम आहे आणि ती स्वरूपाबद्दल आहे. आपल्याकडे कोणताही कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन. मी स्वतः हे सर्व आयोजित करतो, म्हणून मला त्यांचा वेळ ठाऊक आहे. मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा लोकांची ऐकण्याची ताकद निम्मी संपलेली असते आणि ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत’ हे वाक्य ठरलेले. खुला दिवस व्हायचाच असेल, तर त्यात सत्कार नसावा आणि प्रश्नांचा वेळ कोणत्याही कारणाने कापला जाऊ नये.

लंडनस्थित

येथे ब्रिटनमध्ये २०१४ पासून दर नोव्हेंबरात मानव्यविद्यांचा एक देशव्यापी उत्सव होतो. लंडन विद्यापीठाची एक संस्था त्याचे संयोजन करते. त्यातले बरेच कार्यक्रम विद्यापीठाबाहेर, सार्वजनिक वाचनालये, उपाहारगृहे, संग्रहालये आणि रस्त्यांवरचे फेरफटके अशा स्वरूपात होतात. व्यासपीठ यांचा ‘विद्यापीठाने बाहेर जावे’ हा विचार आणि धागाकर्तीचा खुल्या दिवसाचा विचार त्यात एकत्र आलेले दिसतात. पुण्यात शनिवारवाडा ते लाल महाल एवढ्या वाटेवरही इतिहासाच्या अभ्यासकाला दिवसभर बोलता येईल.

मांडवीतीर

गोव्याचा अनुभव सांगतो. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या जन्मशताब्दीनंतर, २००८ पासून, कला आणि संस्कृती संचालनालयाने त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव पणजीत सुरू केला. तो सरकारी उपक्रम आहे, विद्यापीठाचा नव्हे, परंतु सभागृह भरते. याशिवाय गोवा विद्यापीठात कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा यांच्या नावांची अध्यासने आहेत. बाहेरून आलेले अभ्यासक तेथे छोटे अभ्यासक्रम घेतात आणि त्यांना नागरिकही बसू शकतात. मी नोकरी सांभाळून असा एक अभ्यासक्रम केला. माझ्या एका बाजूला एम.ए.ची विद्यार्थिनी आणि दुसऱ्या बाजूला निवृत्त बोटमास्तर होते. बोटमास्तरांनी नदीच्या भरती-ओहोटीबद्दल जे सांगितले, ते अभ्यासकाने वहीत लिहून घेतले.

एका दिवसापेक्षा सलग काही आठवडे चालणारे वर्ग अधिक मुरतात, असे माझे मत झाले आहे. मात्र तो वर्ग आहे हे लोकांना कळायला आधी एक खुला दिवस लागतो, हेही खरे.

अभियंता_नागपूर

मोडीवाचक आणि संशोधिका यांनी दाखवण्यासारखे काय आहे या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिले. आता दुसरा प्रश्न. ज्या शिकागो विद्यापीठाचे उदाहरण दिले, त्याच विद्यापीठाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कला आणि मानव्यविद्यांच्या अनेक विभागांत २०२६–२७ साठी पीएच.डी.चे प्रवेश थांबवण्याचे किंवा कमी करण्याचे जाहीर केले. इतकी वर्षे लोकांसाठी दारे उघडूनही विभागांना संरक्षण मिळाले नसेल, तर या दिवसाचा उपयोग काय?

शिकागोकर

अभियंता, ती बातमी खरी आहे आणि येथील आम्हा श्रोत्यांना ती फार लागली. निर्णय पैशाच्या गणितातून झाला. शनिवारच्या श्रोत्यांना त्या गणितात मत नसते. परंतु त्यानंतर मी एक गोष्ट पाहिली. या विषयांशी व्यवसायाने काहीही संबंध नसलेले आमच्या भागातले लोक, दंतवैद्य, शाळेच्या ग्रंथपाल, आमच्या महाराष्ट्र मंडळातले दोघे, विद्यापीठाला पत्रे लिहू लागले. मृत भाषा शिकवणारा विभाग बंद झाला तर काय नाहीसे होईल, हे त्यांना सांगता येत होते, कारण त्यांनी ते पाहिले होते. त्यांच्या पत्रांनी निर्णय फिरेल, असा माझा दावा नाही. पण दारे कधी उघडलीच नसती, तर ती पत्रेही कोणी लिहिली नसती. आपल्याकडे भाषेचा एखादा विभाग विद्यार्थ्यांअभावी बंद पडतो तेव्हा बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही.

नीलांबरी

मी शाळेत शिकवते, म्हणून दिवसाबद्दल लिहिते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती म्हणून मराठी भाषा गौरव दिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. दोन्ही दिवस जोडून घेतले, तर लांबून येणाऱ्या शाळांना एका खेपेत दोन्ही पाहता येतील. मुलांच्या मनात विज्ञान एका बाजूला आणि भाषा दुसऱ्या बाजूला अशी जी भिंत आपण आठवीपासून बांधतो, तीही थोडी खचेल.

कोल्हापुरी_वाचक

नीलांबरीताई, कल्पना सुरेख आहे, पण दोन कारणांनी मला ती अडचणीची वाटते. २७ फेब्रुवारीला प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथदिंडी, काव्यवाचन आणि निबंधस्पर्धा असतात, त्यामुळे मराठीचे अध्यापक त्या दिवशी मोकळे नसतात. शिवाय त्या तारखेला दिवस भरवला, तर तो केवळ मराठीचा होऊन बसेल आणि तत्त्वज्ञान, पाली, उर्दू, संगीत, पुरातत्त्व हे सारे बाजूला पडेल. दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. डिसेंबर किंवा जानेवारीतला एखादा शनिवार बरा. हवा चांगली असते आणि गावाकडचे लोक सुगीनंतर थोडे मोकळे असतात.

दुसरे असे, की आतापर्यंतची सगळी चर्चा पुण्याभोवती फिरते आहे. आमच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापनाच १९६२ साली दक्षिण महाराष्ट्रातल्या बहुजन मुलांसाठी झाली. येथे खुला दिवस भरला, तर त्यात कुस्तीच्या तालमींचा इतिहास, चित्रपटाचा कोल्हापुरातला आरंभ आणि शाहू महाराजांच्या काळातले दरबारी कागद असायला हवेत. १९०२ साली राखीव जागांचा जो हुकूम निघाला, त्यातला मजकूर ओळीने वाचून त्यावर प्रश्न विचारू देणे, यासारखे सत्र दुसरे कोणते असेल? प्रत्येक विद्यापीठाने आपल्या मातीतले काढावे, शिकागोची नक्कल करू नये.

खोडदकर

कोल्हापुरी_वाचक, सुगीनंतर मोकळे असण्याचे म्हणाल, तर आमच्याकडे जानेवारीत कांद्याची लागवड आणि द्राक्षांची कामे जोरात असतात. शनिवारपेक्षा रविवार बरा, कारण नोकरीवाल्या मुलालाही आईवडिलांना घेऊन येता येईल.

इंद्रायणी

चर्चा इतकी नेमकी होईल, असे वाटले नव्हते. सर्वांचे मनापासून आभार. आमच्या महाविद्यालयातले काही जुने सहकारी आणि मी विद्यापीठाला निवेदन देणार आहोत. त्यात पुढील मागण्या ठेवण्याचा विचार आहे. एका रविवारी सकाळी दहा ते पाच दारे खुली असावीत. प्रत्येक विभागाने निदान एक सत्र कागद, पोथी, वाद्य किंवा ध्वनिमुद्रण समोर ठेवून घ्यावे. व्याख्यान वीस मिनिटे आणि प्रश्न तेवढाच वेळ. संशोधक विद्यार्थ्यांची दहा-दहा मिनिटांची मांडणी मराठीत व्हावी. सत्कार होऊ नयेत. ज्या गावांतून ओव्या, कागद किंवा आठवणी जमवल्या, तेथील माणसांना विद्यापीठाने स्वखर्चाने बोलवावे. मांडवीतीर यांच्या सूचनेप्रमाणे, पुढे चालणाऱ्या छोट्या वर्गांची नावनोंदणी त्याच दिवशी दारातच व्हावी.

मोडीवाचक, कालगणनेचे ते सत्र आपण घ्याल का?

मोडीवाचक

अवश्य. मूळ कागद लोकांच्या हाती देता येणार नाहीत, त्यामुळे चांगल्या छायाप्रती लागतील. एका गटात वीसपेक्षा अधिक माणसे नकोत, नाहीतर मागचा माणूस नुसता ऐकत राहतो. दिवसभरात अशा पाच-सहा फेऱ्या घेता येतील. माझ्या वर्गातले दोन माजी विद्यार्थी मदतीला येतील.

व्यासपीठ

निवेदनावर आमच्या मालेचीही सही घ्या. मात्र त्यात एक कलम घाला. खुल्या दिवशी जी सत्रे चांगली झाली, ती पुढच्या हिवाळ्यात जशीच्या तशी, छायाप्रतींसह, तालुक्याच्या व्याख्यानमालांना मिळावीत. मोडीवाचक आमच्या मैदानावर आले, तर सतरंजीऐवजी टेबलांची सोय आम्ही करू.

खोडदकर

आणि नारायणगावाला कधी येणार, तेही कळवा. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे मोडीतले दोन कागद आहेत. जमिनीचे असावेत, असे वडील म्हणतात.

मोडीवाचक

खोडदकर, कागदाची घडी सारखी उघडू नका आणि त्याला चिकटपट्टी अजिबात लावू नका. दिवसाच्या उजेडात, सावलीत, सपाट ठेवून वरून छायाचित्र काढा आणि पहिल्या चार ओळी व शिक्का स्पष्ट येईल असे पाहा. साल सहसा त्या ओळींतच असते. येथे टाकलेत तर आपण सगळे मिळून वाचू.